खेळतात त्या तारा

विम्बल्डनची मॅच टीव्हीवर पाहताना ही गोष्ट तुमच्याही नजरेला आली असेल. पहिले सात गेम झाले की पंच नवे चेंडू मागवतात, आणि पुढे दर नऊ गेमनंतर पुन्हा. त्याच सुमारास खेळाडू खुर्चीकडे जातो, बॅगेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली रॅकेट काढतो, पिशवी फाडून बाजूला टाकतो आणि ती रॅकेट घेऊन खेळायला उभा राहतो. रॉजर फेडररचा तर हा ठरलेला शिरस्ता होता. आधीची रॅकेट मोडलेली नसते, तिची एकही तार तुटलेली नसते. पिशवीतून निघालेली रॅकेट त्याच मॉडेलची आणि तोलूनमापून त्याच वजनाची केलेली असते. मग पाऊण तासात असं काय बिघडतं?

बिघडतो तो तारांचा ताण. तारा भरायच्या मशीनवरून रॅकेट उतरल्या क्षणापासून तारा सैलावू लागतात आणि प्रत्येक फटक्यागणिक आणखी सैलावत जातात. रविवारी सकाळी खेळणाऱ्याला पाऊण तासातला हा फरक जाणवणारही नाही. पण ज्याचा फटका बेसलाइनच्या वीतभर आत पडायला हवा, त्याला तेवढाही परवडत नाही.

आपल्या क्लबांमध्ये मात्र उलटा प्रकार दिसतो. पंधरा-वीस हजारांची रॅकेट घेताना आठवडाभर चौकशी करणारा माणूस एकदा रॅकेट हातात आली की गट, म्हणजे तार, तुटेपर्यंत तिच्याकडे पाहत नाही. कधी कधी दोन-दोन वर्षं. चेंडूला रॅकेटचा जो भाग लागतो तो फक्त तारांचा असतो. कार्बनच्या महागड्या फ्रेमला चेंडू शिवतसुद्धा नाही. खेळात फरक पाडायचा असेल तर रॅकेट बदलण्याआधी गटिंगकडे, म्हणजे तारा भरण्याकडे, लक्ष द्यावं, असं मला मनापासून वाटतं. ते का, हे समजून घ्यायला तारा नेमकं काय करतात ते पाहू.

पाच मिलिसेकंदांत काय होतं?

चेंडू तारांवर टेकतो आणि सुटतो, यात जेमतेम चार ते पाच मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा साधारण दोनशेवा भाग. तेवढ्यात चेंडू चेपतो, तारा मागे दबतात, मग दोन्ही आपापल्या मूळ आकाराकडे परततात आणि चेंडू उडतो. फटक्याची ऊर्जा अशी काही क्षण दोघांत वाटली जाते.

यातला चेंडू मोठा उधळ्या. टेनिसच्या नियमानुसार चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर एवढाच वर यायला हवा. याचा अर्थ चेपून सरळ होताना तो जवळजवळ निम्मी ऊर्जा गमावतो. तारा काटकसरी असतात. त्यांच्यात साठवलेल्या ऊर्जेपैकी नऊ दशांशांहून अधिक त्या परत करतात. म्हणून जितकी ऊर्जा तारांच्या वाट्याला जाईल तितकी चांगली परत मिळते.

सुंभाच्या बाजेवर कधी धपकन बसला असाल तर पुढचं लगेच कळेल. वीण सैल असेल तर बाज तुम्हाला आत घेते आणि वर झुलवते. वीण करकचून आवळलेली असेल तर सुंभ हलत नाही, दणका तुमच्या अंगाला बसतो. कमी ताणाच्या तारांत चेंडू खोल रुततो, स्वतः कमी चेपतो आणि ऊर्जा कमी वाया जाते. ताठ तारांवर चेंडूलाच चेपावं लागतं. ‘सैल तारा, जास्त पॉवर, घट्ट तारा, जास्त कंट्रोल’ हे क्लबमध्ये कानावर पडणारं वाक्य इथून आलं.

वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. ताण १० पौंडांनी, म्हणजे साडेचार किलोंनी, कमी केला तरी चेंडूचा वेग एखाद-दोन टक्क्यांहून फारसा वाढत नाही. मग सैल तारांनी मारलेला चेंडू सारखा बेसलाइनबाहेर का जातो? कारण तो सुटण्याचा कोन बदलतो. सैल तारा चेंडूला किंचित जास्त वेळ धरून ठेवतात. तेवढ्या वेळात रॅकेट खालून वर जात असते, त्यामुळे चेंडू थोड्या चढ्या कोनात निघतो. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर आहे. या टोकाहून चेंडू फक्त एका अंशाने वर निघाला, तर त्या टोकाला पोचेपर्यंत तो सुमारे ४० सेंटिमीटर उंच असतो. आत पडायचा तो बाहेर पडतो. खेळाडूला वाटतं, पॉवर वाढली. खरं तर नेम वर सरकलेला असतो.

समुद्रसपाटीपासून वर गेल्यावरही असंच काहीसं घडतं. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा पाच-एक टक्क्यांनी विरळ असते, चेंडूला अडवते कमी, आणि तोच फटका थोडा लांब पडतो. पुण्यातल्या बालेवाडीला २०१८ पासून २०२३ पर्यंत टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धा होत होती. अशा ठिकाणी समुद्रकाठाहून येणारा खेळाडू एखाद-दोन पौंड वाढवून मागतो, त्यामागे हे कारण असतं.

मशीनवरचा आकडा

गटिंग होताना एकदा तरी शेजारी उभं राहून पाहावं. कारागीर आधी फ्रेम मशीनवर चहूबाजूंनी जखडतो, कारण एका बाजूने ओढ बसली तर फ्रेमचं डोकं वाकडं होऊ शकतं. एका रॅकेटला लागणारी तार साधारण १२ मीटरची. आधी उभ्या तारा, मधून सुरुवात करून एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना भार सारखा राहतो. प्रत्येक तार मशीनच्या जबड्यात देऊन ठरल्या पौंडांपर्यंत ओढायची, क्लॅम्पने पकडायची, पुढची घ्यायची. मग आडव्या तारा: एका उभ्या तारेच्या वरून, पुढच्या तारेच्या खालून. खरी कसोटी इथे असते. आडवी तार उभ्या तारांतून भरभर सरळ ओढली तर घर्षणाने उभ्या तारेवर चरा पडतो, आणि नवीकोरी गट पहिल्या दिवशीच कमजोर होते. जाणकार कारागीर तार ओढताना ती वरखाली झुलवत ठेवतो, म्हणजे एकाच जागी घासत नाही. हे हातकाम पाहताना आपण त्याला फक्त आकडा सांगून निघून येतो याची खंत वाटते.

आणि तो आकडाही पक्का नसतो. ओढून कुलूप लावणाऱ्या हँडलच्या मशीनवर तार ५५ पौंडांना पोचली की ओढ थांबते. त्यानंतर तार लगेच थोडी सैल पडते. इलेक्ट्रॉनिक मशीन क्लॅम्प लागेपर्यंत ओढतच राहतं. त्यामुळे एका दुकानातले ५५ आणि दुसऱ्या दुकानातले ५५ सारखे नसतात. शिवाय विणताना, गाठ मारताना आणि रॅकेट मशीनवरून काढताना ताण थोडा उतरतोच. पहिल्या चोवीस तासांत, एकही चेंडू न मारता, तो आणखी उतरतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवली तर विचारायलाच नको.

म्हणून कारागीर एकच धरावा. त्याचं मशीन जुनं असलं तरी चालेल. आज ५५ ला कडक वाटली, तर पुढच्या वेळी त्याच माणसाकडे, त्याच मशीनवर ५३ सांगता येतं. दुकान बदललं की हिशोब पहिल्यापासून.

व्यावसायिकांच्या ताणांतला फरक पाहिला तर थक्क व्हायला होतं. ब्यॉर्न बोर्ग लाकडी रॅकेट ८० पौंडांच्या आसपास ताणून घ्यायचा, आणि रात्री खोलीत ठेवलेल्या रॅकेटच्या तारा आपोआप तुटायच्या, असं सांगतात. पीट सॅम्प्रसचा आकडा सत्तरीच्या पुढे असे. राफाएल नदाल ५५ पौंडांवर खेळला. फ्रान्सचा एड्रियन मानारिनो तर तिशीच्याही खाली जातो. सगळे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमधले. योग्य आकडा एकच असता तर हे शक्य नव्हतं. ताणाइतकंच महत्त्व आहे तार कशाची आहे याला.

आतडं, नायलॉन आणि पॉलिएस्टर

फ्रान्समधल्या ल्योनची बाबोला कंपनी १८७५ पासून रॅकेटच्या तारा बनवते. त्या काळी तारा जनावरांच्या आतड्यांपासून व्हायच्या, आणि आजही उत्तम नैसर्गिक गट गाईच्या आतड्याच्या बाहेरच्या पातळ आवरणाच्या पट्ट्या पिळूनच तयार होते. दीडशे वर्षांत माणसाने तिला तोड काढलेली नाही. ती इतर सर्व तारांपेक्षा लवचीक असते, ताण सर्वांत जास्त काळ टिकवते, आणि हाताला बसणारा दणका मवाळ करते. अडचणी दोन. एक तर ती नायलॉनच्या कित्येक पट महाग. दुसरी अडचण आपल्याकडे जास्त जाणवते: ती हवेतला ओलावा शोषते, फुगते, तिचे तंतू सुटू लागतात. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर नैसर्गिक गट वापरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

नायलॉनचे दोन प्रकार दुकानात मिळतात. ‘सिंथेटिक गट’ म्हणून विकली जाते ती मधे एक जाड तंतू आणि भोवती बारीक तंतूंचं वेष्टन असलेली साधी तार. दुसरी ‘मल्टिफिलामेंट’, म्हणजे शेकडो अतिसूक्ष्म तंतू एकत्र पिळून चिकटवलेली. ती जास्त मऊ असते आणि नैसर्गिक गटीच्या जवळपास जाण्याचा प्रयत्न करते. आठवड्यातून एक-दोनदा खेळणाऱ्या बहुतेकांसाठी या दोहोंतली कुठलीही उत्तम आहे.

पॉलिएस्टर यांहून वेगळं. एकसंध, गुळगुळीत, ताठ तार. ती कमी लवचीक, हाताला कडक, आणि ताण झपाट्याने गमावणारी. कागदावर पाहिलं तर तिच्यात नाव घेण्यासारखं काही नाही. तरी १९९७ साली जागतिक क्रमवारीत ६६ व्या स्थानावर असलेला ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन लक्झिलॉन या बेल्जियन कंपनीच्या पॉलिएस्टर तारा घेऊन फ्रेंच ओपन खेळायला उतरला आणि ती जिंकून गेला. त्यानंतर काही वर्षांत व्यावसायिक टेनिसचं रूप पालटलं. आज पुरुषांच्या टूरवर पॉलिएस्टर अजिबात न वापरणारा खेळाडू शोधावा लागतो. या कडक तारेने त्यांना दिलं काय?

फिरकी कुठून येते?

उत्तर आहे फिरकी, आणि ती कशी मिळते हे समजायला जरा वेळ लागला. कोणालाही वाटेल की खरखरीत तार चेंडूला पकडते आणि फिरवते. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांनी वेगळी गोष्ट दाखवली. टॉपस्पिनसाठी रॅकेट खालून वर नेली की चेंडू उभ्या तारांना बाजूला ढकलतो. तारा गुळगुळीत असतील तर उभ्या तारा आडव्या तारांवरून सहज घसरतात, ताणल्या जातात, आणि चेंडू सुटायच्या आत झटकन मूळ जागी परततात. परतताना चेंडूला जाता जाता आणखी एक फिरकी देतात. म्हणजे तार आणि चेंडू यांत पकड हवी, पण तार आणि तार यांत घर्षण नको. पॉलिएस्टर नेमकं तेच देतं.

याचा पुरावा कोर्टावरच दिसतो. नायलॉनच्या तारा एकमेकींत खाचा पाडून अडकतात, सरकल्या तर सरकलेल्याच राहतात. म्हणून पॉइंट झाल्यावर खेळाडू बोटांनी तारा सरळ करताना दिसतो. नव्या पॉलिएस्टरच्या तारा आपल्या आपण सरळ होतात. काही तास खेळल्यावर पॉलिएस्टरमध्येही खाचा पडतात, आणि तारा जागच्या हलेनाशा झाल्या की तिचा मुख्य गुण गेला. तेव्हा ती तुटलेली नसली तरी कापून टाकायची. पॉलिएस्टर तुटेपर्यंत खेळणाऱ्याला तिचा ताठपणा तेवढा उरतो, फिरकी नाही.

तारा सरकल्या की फिरकी वाढते हे टेनिसने कुएर्तेनच्या त्या विजयाच्या वीस वर्षं आधी पाहिलं होतं, आणि घाबरून बंद केलं होतं. १९७७ मध्ये जर्मनीतल्या वेर्नर फिशर यांनी तयार केलेली ‘स्पॅगेटी’ रॅकेट कोर्टावर आली. तिच्यात उभ्या तारांचे दोन थर होते, आडव्या तारा त्यांत विणलेल्या नव्हत्या, आणि तारांवर प्लास्टिकच्या नळ्या चढवल्या होत्या. सगळी जाळी मोकळी सरकायची. त्या वर्षीच्या यूएस ओपनमध्ये मायकेल फिशबाख या फारशा परिचित नसलेल्या खेळाडूने तिच्या जोरावर स्टॅन स्मिथला हरवलं. पुढच्याच महिन्यात फ्रान्समधल्या एक्स-अँ-प्रोव्हान्स इथे इली नास्तासेने ती हातात घेतली. समोर होता क्ले कोर्टावर सलग ५३ सामने जिंकलेला गिलेर्मो व्हिलास. चेंडू कुठे उसळेल याचा अंदाज येईना, तेव्हा दोन सेट गमावून व्हिलासने सामना सोडून दिला. आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेने ऑक्टोबरमध्ये या रॅकेटवर बंदी घातली, आणि १९७८ साली रॅकेट म्हणजे काय याची व्याख्या नियमात आली: तारा एकमेकींत विणलेल्या हव्यात आणि वीण सर्वत्र साधारण सारखी हवी. पॉलिएस्टर या नियमात बसतं. बंदी घातलेला गुण नियमाला धरून, नव्या पदार्थाच्या रूपाने परत आला.

पण याची किंमत हात मोजतो. कडक तार दणका थोड्या वेळात, जास्त जोराने पोचवते. टेनिस एल्बो हे दुखणं महाराष्ट्राला सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे घरोघरी माहीत झालं; जड बॅटने क्रिकेट खेळणाऱ्यालाही ते होतं, आणि कडक तारांनी चुकीचा बॅकहँड मारणाऱ्यालाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या रॅकेटला पूर्ण पॉलिएस्टर, तेही ५५ पौंडांवर, भरून दिलेलं मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. एवढ्या लहान मुलाच्या हातात तारा सरकवण्याइतका वेगच नसतो. फिरकीचा फायदा मिळत नाही, दणका मात्र पुरा मिळतो. नदाल वापरायचा म्हणून मुलाला तीच तार देऊ नका, एवढी पालकांना विनंती.

मधला मार्ग आहे. उभ्या तारा एका जातीच्या, आडव्या दुसऱ्या. याला ‘हायब्रिड’ म्हणतात. फेडररने आणि जोकोविचनेही वर्षानुवर्षं उभी नैसर्गिक गट आणि आडवं पॉलिएस्टर वापरलं. फटक्याचा बराच भार उभ्या तारा पेलतात, त्यामुळे स्पर्श मऊ राहतो, आणि गुळगुळीत आडव्या तारांवरून त्या सरकतातही. हौशी खेळाडूला नैसर्गिक गटीऐवजी मल्टिफिलामेंट घेऊन हेच करता येतं.

जाडी आणि वीण

याबद्दल थोडक्यात सांगता येईल. तारेची जाडी ‘गेज’मध्ये मोजतात आणि आकडा वाढला की तार बारीक होते: १६ गेज सुमारे १.३ मिलिमीटर, १७ गेज सुमारे १.२. बारीक तार चेंडूत जास्त रुतते, जास्त लवचीक लागते आणि लवकर तुटते. वीण फ्रेमवरच्या भोकांनी ठरलेली असते. १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची मोकळी वीण तारांना सरकायला वाव देते; १८ बाय २० ची दाट वीण चेंडू खालच्या कोनात, सरळ सोडते. ही निवड रॅकेट घेतानाच होते, नंतर बदलत नाही.

दोन ग्रॅमच्या गोष्टी

आता रॅकेटला चिकटवायच्या, गुंडाळायच्या, अडकवायच्या वस्तू. सर्वांत प्रसिद्ध डॅम्पनर, तारांत खालच्या बाजूला बसवायचं रबरी बोंडूक. आंद्रे आगासी त्याऐवजी साधं रबर बँड गाठ मारून लावायचा. नियमानुसार ते विणलेल्या भागाच्या बाहेर, म्हणजे शेवटच्या आडव्या तारेच्या खाली असायला हवं.

डॅम्पनरने कोपराचं दुखणं थांबतं हा समज सर्वत्र पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. फटक्यानंतर रॅकेटमध्ये दोन वेगळी कंपनं सुरू होतात. तारांची जाळी सेकंदाला पाचशे-सहाशे वेळा थरथरते; त्यातून तो ‘टिंग’ आवाज येतो. फ्रेम सेकंदाला दीडशेच्या आसपास थरथरते, आणि हाताला झिणझिण्या येतात त्या हिच्यामुळे. दोन-तीन ग्रॅमचं रबर हलक्या तारांचं कंपन चटकन थांबवतं, ‘टिंग’चा ‘थप्प’ होतो. तीनशे ग्रॅमच्या फ्रेमला ते काय रोखणार? फ्रेमचं कंपन टाळायचा उपाय एकच, चेंडू योग्य जागी मारणं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रोडी यांनी दाखवलं की तारांच्या मध्याजवळ एक जागा अशी असते जिथे फटका बसला तर फ्रेमचं हे कंपन जवळजवळ सुरूच होत नाही. घरी करून पाहा: रॅकेटची मूठ दोन बोटांत हलकेच लटकती धरा आणि दुसऱ्या हाताने तारांवर ठिकठिकाणी चेंडूने टिचक्या मारा. एका जागी बोटांना जाणवणारी थरथर गायब होते.

शिशाची पट्टी, म्हणजे लेड टेप, मात्र खरोखर चेंडूवर परिणाम करते, आणि तो वजनाच्या मानाने फार मोठा असतो. रॅकेट उचलताना जाणवणारं वजन वेगळं आणि ती फिरवताना जाणवणारा जडपणा वेगळा. या दुसऱ्याला ‘स्विंगवेट’ म्हणतात. मुठीपासूनचं अंतर दुप्पट झालं की त्यातली वाढ चौपट होते. हिशोब करून पाहू. रॅकेटच्या अगदी टोकाला ४ ग्रॅम पट्टी लावली, तर ३०० ग्रॅमच्या रॅकेटचं वजन सव्वा टक्क्याने वाढतं; स्विंगवेट मात्र ३२० च्या आसपास असेल तर १३-१४ एककांनी, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक. तीच पट्टी मुठीच्या बुडाशी लावली तर स्विंगवेट जवळजवळ बदलतच नाही, फक्त तोल हाताकडे सरकतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी लावली, तर मध्याबाहेर लागलेल्या चेंडूने रॅकेट हातात कमी पिळवटते. व्हॉली करताना रॅकेट डगमगत असेल तर हा उपाय करून पाहण्यासारखा आहे. एका वेळी एक-दोन ग्रॅमच लावा, आठवडाभर खेळा, मग ठरवा.

ओव्हरग्रिप साधारण पाच ग्रॅमची. ती मूठ किंचित जाड करते आणि तोल हाताकडे आणते, पण तिचं खरं काम घाम टिपणं. मूठ निसटू लागली की माणूस नकळत जास्त घट्ट धरतो, आणि घट्ट धरलेला हात लवकर थकतो. दमट हवेत खेळणाऱ्याने ओव्हरग्रिप बदलण्यात कंजुषी करू नये. कोपरासाठी ती डॅम्पनरपेक्षा जास्त उपयोगी.

फेडररच्या रॅकेटवर आणखी दोन वस्तू असत. उभ्या तारा गळ्याजवळ जिथे काटकोनात वळतात तिथे कातड्याचे चिमुकले तुकडे, आणि उभ्या-आडव्या तारांच्या छेदांवर प्लास्टिकचे बारीक कण. पहिल्या वस्तूने तीव्र वळणावर नाजूक गट कापली जात नाही. दुसरीने तारा एकमेकींना घासत नाहीत. महागडी नैसर्गिक गट वापरणाऱ्यालाच यांचा खरा फायदा.

हाताला किती कळतं?

एवढं सगळं वाचून वाटेल, मुरलेल्या खेळाडूचा हात एखाद-दुसऱ्या पौंडाचा फरकही ओळखत असेल. सिडनी विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस यांनी सहकाऱ्याबरोबर चाचण्या घेतल्या, तेव्हा चांगल्या खेळाडूंपैकी अनेकांना दहा पौंडांएवढा फरकही खात्रीने सांगता आला नाही. याचं कारण वर येऊन गेलंच आहे. चेंडू पाच मिलिसेकंदांत निघून जातो. हाताची जाणीव मेंदूपर्यंत जायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. ती वीस मिलिसेकंदांत पोचली असं धरलं, तरी तोवर ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. ‘फील’ म्हणून आपल्याला जे कळतं ते चेंडू गेल्यानंतरचं: फ्रेमची थरथर, मुठीवरचा दाब, आणि बऱ्याच अंशी आवाज.

म्हणून ‘फील’ कमी महत्त्वाचा आहे असं मी म्हणणार नाही. आवाज ओळखीचा आला की खेळाडू मोकळेपणी हात फिरवतो, आणि मोकळ्या हाताचा फटका चांगलाच जातो. डॅम्पनर आवडत असेल तर खुशाल लावावा. फक्त फटका का चुकला याचं उत्तर शोधताना हातापेक्षा चेंडू पडलेल्या जागेवर विश्वास ठेवावा. तेच चेंडू, तोच फटका, तरी गेल्या महिन्यापेक्षा सगळं फूटभर लांब पडतंय? तारा उतरल्या आहेत.

ताण तपासायला कानही पुरतो. नव्या गटिंगनंतर तारांवर पेन्सिलीने टिचकी मारून सूर ऐका, डॅम्पनर काढून. ताण १० टक्क्यांनी उतरला की सूर सुमारे ५ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. गाण्याचा कान असलेल्याला हे सहज कळेल. इतरांसाठी फोनवर सूर मोजणारी ॲप आहेत.

चौकट : गटिंगला जाताना

पहिल्यांदा जात असाल तर फ्रेमवर छापलेली पौंडांची मर्यादा पाहा आणि तिच्या मध्यावरून सुरुवात करा. फटके लांब जात असतील तर पुढच्या वेळी दोन पौंड वाढवा, नेटमध्ये किंवा आखूड पडत असतील तर दोन कमी करा. पॉलिएस्टर भरणार असाल तर नायलॉनपेक्षा चार-पाच पौंड कमी सांगा. कोपर किंवा मनगट दुखत असेल तर मल्टिफिलामेंट, कमी ताण, आणि पॉलिएस्टर बंद. एका वेळी एकच गोष्ट बदला: तार बदलली तर ताण तोच ठेवा, ताण बदलला तर तार तीच.

किती दिवसांनी?

जुना ठोकताळा असा की आठवड्यातून जितक्या वेळा खेळता, तितक्या वेळा वर्षात गटिंग करावं. नायलॉनसाठी तो ठीक आहे. पॉलिएस्टरसाठी त्याच्या दुप्पट धरा. कारागिराकडून रॅकेट परत घेताना गळ्याच्या आतल्या बाजूला एक छोटा कागद चिकटवून घ्या, त्यावर तारीख, तारेचं नाव आणि ताण लिहा. टूरवरच्या रॅकेटवरही अशा नोंदी असतात. नवी रॅकेट घ्यायचं मनात आलं तर आधी त्या कागदावरची तारीख पाहा. चार-सहा महिने उलटून गेले असतील, तर आहे त्याच रॅकेटला नव्या तारा भरा आणि दोन आठवडे खेळून मगच दुकानाची पायरी चढा.